सहाव्यांदा हिरवा

ही टेस्ट सात वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिली.
एका टोकानं पॅकेटं सोडायची, दुसऱ्या टोकाला मोजायची.
एकाच पत्त्यावर लागोपाठ आलेली
कर्नेलनं एका गठ्ठ्यात बांधून वर द्यावीत,
जी बांधायची नाहीत ती सुटी राहू द्यावीत.
एवढंच तपासायचं.

आणि ती कधी पास होते, कधी नाही.
म्हणून त्याच कुणीतरी खाली ओळ टाकलीय:
नापास झाली तर पुन्हा चालव, सहा वेळांपर्यंत.
एकदा हिरवं दिसलं की थांब.

सात वर्षं हिरवी आहे.

साकोलीच्या पुढे, बोडीच्या काठाला,
मामाच्या धानाच्या कोठीला टेकवलेलं माझं टेबल.
लॅपटॉपच्या फटीत कोंडा जातो.
दुपारी लाईन गेली की चैतराम कापगते येतात,
इन्व्हर्टरच्या पंख्याखाली बसायला.
चौतीस वर्षं गावच्या पोस्टात होते.

“काय करून रायली, पोरी?”
सांगितलं, जमेल तसं.
“गठ्ठा तर मीबी बांधो.
एका घरचे कागद एका सुतळीत.
पन मनिऑर्डर नाही बांधाची. रजिस्टरी नाही बांधाची.
अन पत्ता पुसला असन, त्याले तर हातच नाही लावाचा.”

मी वही ओढली.
पोर्ट वेगळा. चेकसम चुकलेला. मधला क्रमांक गायब.
त्यांची यादी माझ्यापेक्षा एका ओळीनं मोठी निघाली.

“अन थैल्या सगळ्या आल्या, हे कसं कळे?
घड्याळ पाहून?”
ते हसले. दात दोनच.
“घड्याळ पाहून मोटार येते का बापा?
शेवटच्या थैलीले लाल चिंधी राहे.
चिंधी दिसली का मोजाले बसाचं.”

टेस्टमध्ये लिहिलं होतं: शंभर मिलिसेकंद थांब, मग मोज.
मशीन दमलेलं असलं तर
पॅकेटं अजून वाटेत, आणि मोजणी बंद.
दोष कर्नेलच्या नावावर.

दोन दिवस लागले.
प्रत्येक पॅकेटला क्रमांक दिला,
शेवटी एक वेगळं पॅकेट, त्याचं नाव चिंधी.
ते येईपर्यंत मोजायचं नाही.
सहा वेळांची ती ओळ पुसली.
मग रात्रभर चालवत ठेवली, एक हजार वेळा.

सकाळी नऊशे सत्त्याण्णव हिरव्या.
तीन लाल.
तिन्ही लाल एकाच जागी:
चेकसम चुकलेलं पॅकेट
चांगल्यांच्या गठ्ठ्यात बांधलं गेलेलं.
टेस्ट चुकली नव्हती. कर्नेलच चुकत होतं,
हजारात तीनदा, सात वर्षं,
आणि आम्ही दर वेळी पुन्हा विचारत होतो
हवं ते उत्तर येईपर्यंत.

मी ओरडले. मामी चुलीपासून उठून आली.
“लाल म्हंजे वाईट ना?”
हो, वाईट.
“मग हासून काहून रायली?”

चैतराम आले तेव्हा त्यांना दाखवलं.
बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले, चष्मा नसताना.
मग म्हणाले,
“एक मनिऑर्डर मी बांधली होती गठ्ठ्यात.
हिराबाई गोंडाणेची. पोरगा भिलाईले होता. नव्वद रुपये.
आठ दिवस सुतळीत पडून.
तिनं रोज येऊन पुसलं. मी रोज रजिस्टर पाहून सांगो,
नाही आली.
रजिस्टरात बरोबरच होतं सगळं.”

पंखा फिरत होता.
“मंग?” मी विचारलं, त्यांच्याच बोलीत, कसं कोण जाणे.
“मंग काय. नवव्या दिवशी सुतळी सोडली.
कोनाले नाही सांगतलं.
सहादा पुसलं असतं कोनी, तं सहादाही
बरोबर आहे म्हटलं असतं मी.”

लाईन आली. ते उठले, सायकलची हवा तपासली, गेले.

बदलासोबत कारण लिहावं लागतं, दोन ओळींत.
लिहिलं:
मोजणी वेळेवर अवलंबून होती, आता खुणेवर आहे.
पुन्हा चालवण्याची सोय काढली. एक खरा दोष सापडला,
तो वेगळा पाठवते आहे.

नव्वद रुपयांचं लिहिलं नाही.
पण पाठवण्याआधी
यादीतली त्यांची जास्तीची ओळ
टेस्टमध्ये घातली.
ती अजून एकदाही लाल झालेली नाही.
बघू.